जोडीतलं वाक्य

"टीचर, दोन्ही सारखंच ऐकू येतं. मग ओळखायचं कसं?" पहिल्या बाकावरच्या ऋतानं विचारलं.

कल्पिता याच प्रश्नाची वाट पाहत होती. बोरिवलीच्या या शाळेत ती इंग्रजीचा नमुना पाठ द्यायला आली होती. मागच्या बाकावर मुख्याध्यापिका शर्मिष्ठाबाई आणि संस्थेचे नंदकिशोर सर बसले होते. पाठ पसंत पडला तर कायमची नोकरी. नाहीतर पुन्हा घरोघरच्या शिकवण्या.

फळ्यावर तिनं 'सेल' दोन स्पेलिंगांनी लिहिला होता. एक म्हणजे शीड, दुसरा म्हणजे विक्री. घोकत बसू नका, प्रत्येक शब्दाला घरातलं एक माणूस द्या, असं तिनं मुलांना सांगितलं. तिची माणसं ठरलेली होती. गोराईच्या खाडीत आजोबांच्या होडीला शीड होतं. आई मासळी विकते.

ऋतानं क्षणभर विचार केला आणि 'फ्लॉवर' घेतला. आजी चाळते ते पीठ, आई माळते ते फूल. मग वर्ग थांबेना. बाकाबाकांवरून मावश्या, काका, शेजारी यायला लागले. घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत.

कार्यालयात शर्मिष्ठाबाईंनी मनापासून कौतुक केलं. नंदकिशोर सरांनी चहा मागवला. जूनपासून या म्हणाले, फक्त एक करा. इथले बरेच पालक शाकाहारी आहेत. आईचं ते वाक्य गाळा, त्याऐवजी मॉलमधला सेल घ्या. आजोबांची होडी राहू दे, ती छान वाटते.

कल्पितानं कप खाली ठेवला.

"मग आजोबांनाही गाळावं लागेल, सर. जोडी आहे ती."

शर्मिष्ठाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. सर म्हणाले, घाई नाही, विचार करून कळवा.

"कळवलं की, सर," असं म्हणून ती उठली.

मासळी बाजारात तिची आई, सोनूबाई, सुरमई कापत होती. लेकीला पाहून तिचा कोयता थांबला.

"काय गो, बोनी झाली?"

"भाव नाही पटला, आये."

सोनूबाईला कळलं. पडत्या भावात तिनं स्वतःही कधी पाटी रिकामी केली नव्हती. पदरानं शेजारचा पाट पुसून तिनं लेकीला बसवलं. मग समोरच्या गिऱ्हाइकाला, त्यानं काही विचारलं नसताना, सांगितलं,

"माजी पोर. टीचर हाय."