तिसरं वर्तुळ

भोक आता टाचणीच्या डोक्याएवढं झालं होतं. अकरा वर्षं कंपासचं टोक नकाशात त्याच एका जागी रुतवून रुतवून तिची स्वतःची वेधशाळा नकाशावरून झिजून गेली होती; उरलं होतं ते भोक, आणि त्यामागे साहेबांनी कधीतरी लावलेली, आता पिवळी पडलेली चिकटपट्टी. टोक टेकवलं की ते भोकात किंचित हलायचं — कागदावर केसभर, जमिनीवर दोन-तीन किलोमीटर. दोन-तीन किलोमीटरमध्ये एक अख्खं गाव बसतं, शाळेसकट, असं दर वेळी तिच्या मनात येई, आणि दर वेळी ती टोक भोकाच्या डाव्या कडेला दाबून धरी, म्हणजे चूक झाली तरी ती नेहमी एकाच बाजूला होईल. चुकीलाही शिस्त हवी.

एकतीस सेकंद. सकाळी नऊ चाळीसला सुई थरथरली, आणि एकतीस सेकंदांनी कागदभर नाचायला लागली. भूकंपाची पहिली लाट लवकर पोचते, दुसरी रेंगाळते. दोघींमधले सेकंद मोजायचे, आठाने गुणायचे, की तो किती लांब झाला ते कळतं. किती लांब ते — कुठे ते नाही. दोनशे अठ्ठेचाळीस किलोमीटर, कुठल्याही दिशेला. म्हणून वर्तुळ. उत्तरेकडच्या केंद्रानं फोनवर सत्तावीस सेकंद कळवले होते. त्याचं दुसरं वर्तुळ. आणि दोन वर्तुळं एकमेकांना छेदतात ती दोन ठिकाणी. हे सातवीतल्या मुलीलाही ठाऊक असतं, पण तिला त्याचं पुढे काही वाटून घ्यावं लागत नाही.

एक टिंब पूर्वेला, डोंगरात. एक पश्चिमेला, सपाटीवर.

त्यांतलं खरं कोणतं ते तिसरं वर्तुळ सांगतं. तिसरं केंद्र होतं पूर्वेच्याच डोंगरात, त्या टिंबापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर, आणि ते नऊ चाळीसपासून फोन उचलत नव्हतं.

तसं त्यात नवल काही नव्हतं. जरा वारा सुटला की त्या डोंगरातली फोनची लाइन बंद पडायची. "आमची लाइन लाजाळू आहे, ताई," बकरीवाले म्हणायचे. बकरीवाले म्हणजे त्या केंद्रावरचे निरीक्षक. त्यांना तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. रोज सकाळी नऊला त्यांचा फोन यायचा, आधी रात्रीच्या नोंदी, मग बकरीची खबर. त्यांची बकरी यंत्राच्या खोलीच्या भिंतीला पाठ घासायची आणि कागदावर त्याची बारीक झालर उमटायची. पहिल्या वर्षी त्या झालरीवर साहेबांनी चक्क दोन पानांचं टिपण लिहिलं होतं — पहाटेचे सूक्ष्म धक्के, संभाव्य कारणे. बकरीवाल्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेबांना सांगा, संभाव्य कारण आत्ता कोबी खातंय." आजही नऊला फोन आला होता. बकरी व्यायला झाली होती, आज-उद्या होईल म्हणाले. "जुळं झालं तर एकाला साहेबांचं नाव देतो." हसत हसत फोन ठेवून ती कामाला बसली, आणि मग… नऊ चाळीस.

"दिशादर्शक असता तर ही वेळ आली नसती," साहेब चौथ्यांदा म्हणाले. दिशा सांगणारं यंत्र महिनाभरापासून दुरुस्तीला गेलं होतं. साहेबांनी शेजारच्या देशातल्या मोठ्या वेधशाळेला तार केली होती; त्यांचे सेकंद आले असते तर तिसरं वर्तुळ त्यांचं काढता आलं असतं. तोवर दोन टिंबं. मदत पाठवणाऱ्या खात्याचे दोन फोन येऊन गेले होते, आणि दोन्ही वेळा साहेबांनी त्यांना वर्तुळ म्हणजे काय ते समजावलं होतं.

तिसरा फोन घरून आला.

"अगं, आपला दिवा हलला," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरच्या खोलीतला. मला वाटलं वारा, तर खिडक्या बंद. कुठे झालाय?"

"नक्की नाही, आई. दोन जागा निघतायत."

"दोन ठिकाणी झालाय?"

"एकाच ठिकाणी. पण दोन्हींतल्या कुठल्या, ते कळत नाहीये."

"मग मी त्याला काय सांगू?"

त्याला म्हणजे देवाला. कुठे पूर आला, खाण कोसळली, आग लागली, की सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायच्या आणि त्याच्याशी बोलायच्या — हात न जोडता, डोळे न मिटता, कामचुकार पण मनाचा बरा अशा कारकुनाशी बोलावं तशा. पत्ता मात्र त्यांना नेमका लागायचा. सून भूकंपाच्या कामावर लागल्यापासून तो आयताच मिळत होता, आणि या एका गोष्टीसाठी त्या तिच्या शिक्षणाला मनापासून मानत.

"दोन्ही सांगून टाका."

"वा! एकीकडे माणसं आरामात बसलेली असणार, आणि मी ह्याला तिकडे धावडवू? आधीच त्याचा हा उशीर." मग जरा समजुतीनं, "राहू दे. नक्की कळलं की कळव. तोवर मी आपलं मोघम चालू ठेवते."

मोघम. फोन ठेवल्यावर तो शब्द डोक्यात घोळत राहिला. मोघम प्रार्थनेचं वर्तुळच होत असेल, लांबी आहे आणि दिशा नाही… ती स्वतःशीच हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की मघापासून आपण मनात काहीतरी म्हणतोय. अगदी लयीत. पेन्सिलीला टोक करताना, पट्टी पुसताना. पश्चिम. पश्चिमेचं असू दे. पश्चिम.

तिनं पेन्सिल खाली ठेवली.

लाज वाटली, आणि दोन बाजूंनी वाटली. एक म्हणजे, नऊ चाळीसला जे घडून गेलं ते बारा वाजता कसं बदलेल? लाट इथवर पोचली तेव्हा तिथलं सगळं उरकलेलं होतं. ज्या बाईनं कार्यकारणभावावर विद्यापीठात उत्तम गुण मिळवले, तिनं हे करावं? ही लाज शिकलेली होती, तिच्याशी बोलून चालून निभावता आलं असतं. दुसरी तशी नव्हती. पूर्वेचं नसू दे म्हणजे पश्चिमेचं असू दे. तिसरं टिंबच नाही. माझ्या एका ओळखीच्या आवाजासाठी, एका बकरीसाठी, मी ते सगळं उचलून तिकडच्या लोकांच्या डोक्यावर ठेवत होते. आणि का, तर त्यांचा मला रोज नऊला फोन येत नाही म्हणून.

जेवायला ती घरी जायची. टेकडी उतरलं की दहा मिनिटांवर घर. उन्हात सगळं इतकं जागच्या जागी होतं की तिला थोडा रागच आला. शिंप्यानं मशीनवरून मान वर केली. "बाई, आमच्याकडे येतोय का तुमचा भूकंप? म्हणजे उधारीवाल्यांचे कपडे शिवत नाही."

"शिवा, शिवा. इकडे नाही येत."

"बघा हां. शब्द दिलात."

त्याला शब्द देणं किती सोपं गेलं. पुढे चांभाराचं दुकान. फळीवर एकेकटे बूट ओळीनं मांडलेले, जोडीतला दुसरा कुठे असेल कोण जाणे. आणि त्यांतल्या एका लहानशा तपकिरी बुटापाशी तिचं पाऊल थांबलं…

जंक्शन. पश्चिमेच्या टिंबाखाली बारीक अक्षरांत छापलेलं जंक्शन — अकरा वर्षं त्या नकाशावर काम करून ते तिला आत्ता, नकाशा समोर नसताना, दिसलं. तेव्हा ती सहा वर्षांची होती, त्याच जंक्शनवर. गाडी वीस मिनिटं थांबली होती, ती खिडकीत पाय बाहेर सोडून बसली होती, आईची बोलणी खात, आणि गाडीनं हिसका दिला तसा डाव्या पायातला बूट फलाटावर पडला. नवा. ती रडलीसुद्धा नाही, इतकी घाबरली. गाडी चालू लागली, फलाट मागे सरकू लागला, आणि त्या सरकत्या फलाटावरून कुणीतरी धावत आलं — चेहरा नाही आठवत, चेहरा खिडकीच्या वर होता की खाली होता कोण जाणे — एक हात आत आला, मनगटापर्यंत पिठानं माखलेला, आणि बूट तिच्या मांडीवर टाकून गेला. तपकिरी बुटावर चार पांढरी बोटं. आईनं ती पुसायला घेतली तेव्हा कुठे तिनं भोकाड पसरलं. पुसू नको म्हणून.

म्हणजे पश्चिमेलाही आता एक माणूस होतं. छत्तीस वर्षांनी तिथं असेल-नसेल, पण होतं. मघाची ती लय पुन्हा सुरू करून बघितली, तर ती पहिल्याच शब्दाला अडखळली.

"आई, तो ऐकतो का हो?" ताटावर बसताना तिनं विचारलं. असं तिनं कधीच विचारलं नव्हतं. अकरा वर्षांत पत्ता देण्यापलीकडे तिचा या व्यवहाराशी संबंध नव्हता.

"ऐकतो की." सासूबाईंनी सुयांवरचे टाके मोजून घेतले. "करत नाही, ते वेगळं. तुझा नवराही ऐकतो."

"पण आता सांगून काय उपयोग? तिथं जे व्हायचं ते होऊन गेलं."

"झाल्यावरच तर माणसाला काही लागतं. आधीचं मागतात तो विमा."

तिला हसू आलं. मग तिनं टिंबांचं सांगितलं, आणि सांगता सांगता, का कोण जाणे, मनातल्या 'पश्चिमेचं असू दे'चंही सांगून टाकलं. बुटाचं मात्र नाही. सासूबाईंच्या सुया थांबल्या.

"ती होडी बुडाली होती ना," त्या म्हणाल्या, "तुझं लग्न व्हायच्या आधी. तुझा नवरा त्या होडीनं यायचा होता. मी दिवसभर एकच धरून बसले — माझा त्यात नसू दे. आणि नव्हता. संध्याकाळी आला हलत-डुलत, ती होडी मुद्दाम सोडली म्हणे, तिकीट दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं." त्यांनी लोकर बोटाला गुंडाळली, सोडली. "आनंद इतका झाला की त्याला आधी मारलं. रात्री मात्र वाटलं, ते तिकीट ज्याला दिलं त्याचीही आई असेलच. तीही तेच म्हणत असेल, त्याच वेळी, त्याच्याचकडे. तेव्हापासून मी नाव घेत नाही. गाव सांगते. बाकी त्याचं तो बघेल."

"आणि तुम्ही त्या दिवशी म्हटलंत, ते चुकलं असं वाटतं?"

"छे." त्या जवळजवळ रागावल्या. "आई आहे मी त्याची. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा म्हणेन. फक्त ती प्रार्थना होती असं नाही म्हणणार." आणि सुया पुन्हा चालू झाल्या. "जेव. तुझ्या दोन टिंबांचा मी तोवर काहीतरी मार्ग काढलाय. त्याला म्हटलं, दोन्हींच्या मधे येऊन उभा राहा, कुठे पळायचं ते सून सांगेल."

परत टेकडी चढताना तिला जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय, आणि बरं वाटण्यासारखं खरं तर काही घडलेलं नाही. दोन्हींच्या मधे — तिनं सवयीनं हिशोब केला — म्हणजे दोन केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी. तिथं एक मोठा तलाव होता. देव तलावात गुडघाभर पाण्यात उभा, धोतर वर खोचून, इकडे बघतोय, तिकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय… उत्तर द्यायचंय ते मला. तिला उगाचच पावलं उचलावीशी वाटली.

साहेब टेबलावर डबा उघडून न जेवता बसले होते. तार आली नव्हती. तिनं काल आलेला कागद काढला, बकरीवाल्यांनी आठवड्याच्या टपालानं पाठवलेल्या गठ्ठ्यातला शेवटचा. खरं तर चार दिवसांपूर्वीचा. पहाटे पाच दहाची झालर. संभाव्य कारण. तिनं झालरीवरून बोट फिरवलं आणि मग, नकाशा पुढे ओढून, काही मोजायचं नसताना, उजव्या हाताचं एक बोट पूर्वेच्या टिंबावर ठेवलं. आणि मग त्याच हाताचा अंगठा ताणून पश्चिमेच्या. वीत पुरेना, पंजा दुखेपर्यंत फाकवावा लागला. पण पुरला. सकाळपासून पेन्सिल हाताळून बोटं काळी झालेली होती, उचलली तर दोन्ही टिंबांवर ठसे उमटणार, नकाशा खराब होणार, साहेब ओरडणार. तिनं उचलली नाहीत. तोंडातून शब्द निघत नव्हते — कुणासाठी, काय, हे मनात जुळत नव्हतं. पत्ता तेवढा होता, दोन्ही पत्ते, आणि मधे ताणलेला हात.

फोन वाजला.

लांबच्या लाइनची घंटा जरा तुटक वाजते. ही तशीच होती. मोठी वेधशाळा लांब होती. डोंगरही लांब होता.

"बाई, उचला की," साहेब म्हणाले. त्यांचा स्वतःचा हात फोनपाशी होता, पण ते उचलत नव्हते.

"एक मिनिट थांब तिथेच, मधे," ती म्हणाली, आणि साहेबांना आपण कधी अरेतुरे करत नाही हे तिला बोलून झाल्यावर लक्षात आलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. तिनं अंगठा थोडा आणखी घट्ट दाबला आणि डावा हात फोनकडे नेला.