हंटरची काच

"काचेला झटपटवाला गोंद लावायचा नाही, कुसुम. त्याची वाफ धरते नि काच आंधळी होते. पांढराच लावायचा. चुकलं तर पाण्याने सोडवता तरी येतं. आणि प्लास्टिक तापवताना ज्योतीकडे नको बघू, त्याच्या पोटाकडे बघ. पोट लोंबून खाली आलं की दाब."

तिच्या नवऱ्याचा, चंद्रकांतांचा हा आवाज आषाढात बंद झाला. अर्धांगवायूने उजवं अंग नेलं, सोबत वाचाही नेली. आता ते खिडकीजवळच्या कॉटवर उशीला टेकून बसले होते. डाव्या हाताचं बोट कॉटच्या लोखंडी पट्टीवर होतं. एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

कुसुमने चौकट स्टोव्हवर धरली. चौकटीत ताणलेलं प्लास्टिक सायली गावातल्या कारखान्यातलं, टूथब्रशची पाकिटं करतात ते. चंद्रकांत तिथे साचे करायचे. घरात त्याचे तीनच तुकडे उरले होते. सकाळी एक फाटला, दुसऱ्यावर बुडबुडे आले. हा शेवटचा. कारखाना दसऱ्यापर्यंत बंद होता आणि विमानाचं मॉडेल उद्या द्यायचं होतं.

कोपऱ्यात घटापाशी नंदादीप तेवत होता म्हणून पंखा बंद. तिच्या उपासाचा नववा दिवस होता. प्लास्टिक आधी आकसलं, मग सैल पडलं. तिने मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं आणि पोटाकडे बघत राहिली.

टक्.

तिने चौकट लाकडी ठोकळ्यावर दाबली आणि वीस आकडे मोजले. चौकट उचलली तेव्हा आत कॉकपिटच्या काचेचा अंगठ्याएवढा घुमट होता, कुठेही डाग नसलेला. तिने पाटावर बसून तो त्यांच्यापुढे धरला. चंद्रकांतांचा अर्धा चेहरा हसला.

विमान बाकी पूर्ण होतं. कॉकपिटमधली घड्याळं त्यांनी ज्येष्ठात टाचणीच्या टोकाने रंगवली होती. चहाच्या पुड्याच्या चांदीचे पट्टे कापून सीटवर टाकले होते. सीट रिकामी होती. मंजुळाबाईंनी तसंच सांगितलं होतं.

त्या चैत्रात खानवेलहून बसने आल्या होत्या, पदराखाली मुलाचा फोटो घेऊन. मिलिंदचं हंटर, हवाई दलाचं लढाऊ विमान, एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीपलीकडे पडलं. दुसऱ्या विमानातल्या सोबत्याने धूर पाहिला, पण पडण्याआधी कॉकपिटवरची काच उडाली होती की नाही, ते त्याला सांगता आलं नाही. काच उडाली असेल, तर मिलिंदने उडी घेतली असणार.

"माणूस बसवू नका," म्हातारी म्हणाली होती. "आणि काच मागे सरकलेली ठेवा. उघडी."

चंद्रकांतांनी देवापुढे हात ठेवून शब्द दिला होता. दसऱ्याला विमान देईन, उघड्या काचेचं.

कुसुमने ब्लेडने घुमट कापला, कडा घासल्या. तेवढ्यात दार वाजलं.

"तुमच्याकडे नवरात्रात यायचं म्हणजे चहाचीही आशा नाही," म्हणत रजनीताई आत आल्या. मंजुळाबाईंची सून, मिलिंदची बायको. सिल्वासाच्या शाळेत शिकवायच्या आणि शनिवारी खानवेलला जायच्या. "काय दादा, बरं वाटतंय?"

टक्.

रजनीताईंनी विमान पाहिलं. शेजारची सुटी काचही पाहिली. बोलताना त्यांचा आवाज बदलला.

"ही बंद करून द्या, कुसुमताई."

"आजी तर उघडी म्हणाल्या होत्या."

"म्हणणारच. एकवीस वर्षं रात्री दाराला कडी लावू देत नाहीत त्या. हवाई दलाने मला पेन्शन दिली, पण घरात श्राद्धाची तिथी अजून ठरत नाही." त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली. "आता हे फळीवर उघडं ठेवायचं आणि मी रोज पुसायचं. नाही हो. चिकटवा."

टक्. टक्.

रजनीताईंनी कॉटकडे पाहिलं. "दादा नाही म्हणतायत का?"

"हो," कुसुम म्हणाली. "यांनी शब्द दिलाय आजींना."

"त्यांना सगळेच शब्द देतात. मला कुणी विचारलं का कधी?"

टक्, टक्. या वेळी जोरात.

कुसुम उठली. फळीवर झटपट गोंदाची ट्यूब होती आणि पांढऱ्याची बाटली. तिचा हात आधी ट्यूबपाशी थांबला. नंदादीपाची वात पुढे करायला हवी होती. ती तिने केली. मग बाटली उचलली, अगरबत्तीच्या काडीने काचेच्या कडेला गोंद लावला आणि काच पुढे आणून बसवली. रिकामी सीट आत बंद झाली.

तिसऱ्यांदा टिचकी वाजली नाही. चंद्रकांत बाटलीकडे बघत होते.

"आता उघडणार नाही ना?"

कुसुम खोटं बोलत नसे, आणि या नऊ दिवसांत तर नाहीच. तिने बाटलीचं झाकण लावलं.

"हाताने ओढली तर नाही उघडणार."

रजनीताई वाकल्या. कडेला दुधी रेघ दिसत होती.

"वाळला की दिसत नाही," कुसुम म्हणाली.

"माहितेय. पहिलीतल्या पोरांचे हात रोज मीच तर धुऊन..." त्या मध्येच थांबल्या. त्यांनी पुन्हा त्या रेघेकडे पाहिलं. मग रजनीताईंनी विमान खोक्यात ठेवलं, दोन्ही बाजूंनी कापूस भरला आणि झाकण लावलं.

दारात चपला घालताना त्यांनी मागे पाहिलं नाही.

"मी आजच जातेय. उद्या सोनं द्यायला खानवेलला या. आईंना बरं वाटेल." चपलेचा पट्टा त्यांना सापडत नव्हता. "सकाळी मी देवळात असते. अकरापर्यंत."

दसऱ्याला पहाटे कुसुमने घट हलवला, नैवेद्य दाखवला, चंद्रकांतांना भरवलं आणि स्वतः दोन घास खाल्ले. शेजारच्या अलकाला त्यांच्याजवळ बसवलं. पिशवीत आपट्याची पानं घातली, त्यांच्याखाली पाण्याची छोटी बाटली आणि चंद्रकांतांचा सगळ्यात मऊ ब्रश. ब्रश तिने आधी त्यांना दाखवला.

टक्.

नऊ दिवसांचं अनवाणी व्रत संपलं होतं, पण आजींना दिलेला शब्द अजून पुरा व्हायचा होता. चपला दाराशीच होत्या. कुसुमने त्या भिंतीकडे सरकवल्या आणि अनवाणीच खानवेलच्या बसकडे निघाली.