सातव्या दिवसाचं पाणी

रोहिणीनं पिशवीतून वही काढून उघडली. पहिल्याच पानावर बोराएवढ्या ठसठशीत अक्षरांत पार्श्वनाथांचं भजन होतं. ही वही तिची नव्हतीच. ही तिच्या सासूबाईंची, विजयमालाबाईंची, भजनाची वही; त्यांना ती आत्ती म्हणे. म्हणजे तिची स्वतःची वही आत्ता सासूबाईंच्या पिशवीत होती. आणि सासूबाई चार वाजता शाहूपुरीतल्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, बायकांच्या मंडळात जाऊन बसणार होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांना आता एवढं मोठं अक्षरही वाचता येत नसे. म्हणून त्या वही रोज रुचिताच्या हातात देत, आणि शेजारची ही रुचिता ती खणखणीत आवाजात सगळ्यांना वाचून दाखवी.

वर्गातल्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

हा घोटाळा सासऱ्यांच्या हौसेचा. अण्णासो मगदूम प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, पण दर जूनला घरातल्या यच्चयावत वह्यांना कव्हरं घालायची त्यांची खोड काही निवृत्त झाली नव्हती. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून, कोपरे दुमडून ते वह्या सजवायचे. बायकोची भजनाची वही असो नाहीतर एकेचाळीस वर्षांच्या सुनेची एम.ए.ची, सगळ्या एकसारख्या पांढऱ्या. वर लेबल, आणि लेबलावर फक्त ‘मगदूम’. आडनाव पुरतं, असं त्यांचं म्हणणं. घरात ते दोघं, मुलगा सम्मेद आणि सून असे चार मगदूम आहेत हे त्यांना कोण सांगणार?

‘‘मगदूम मॅडम, तुम्हीच सुरुवात करा,’’ घाटगे सर म्हणाले. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांसाठी कळंबा रोडच्या या कॉलेजात दर रविवारी ते शिकवायचे. रोहिणीपेक्षा दहा वर्षांनी लहान होते, पण शिकवताना अगदी रंगून जात.

गेल्या रविवारी त्यांनी संज्ञाप्रवाह शिकवला होता. ‘‘मनात एकामागून एक जे येतं ते तसंच कागदावर येऊ द्या. विचार काही पूर्णविराम देऊन येत नाहीत. घरी बसा, वीस मिनिटं पेन उचलू नका, खोडू नका आणि खोटं लिहू नका. मन कुठं जातंय ते बघा.’’ रोहिणीला तेव्हा हसू आलं होतं. तिचं मन कुठं जाणार, भाजीला नाहीतर धुण्याला.

आणि सुरुवातीला ते भाजीलाच गेलं. मंगळवारी दुपारी स्वयंपाकघरात बसून तिनं लिहिलं होतं, *दोडका कडू निघाला सम्मेदच्या डब्याला काय द्यायचं दुधाचं पातेलं घासायचं राहिलंय आत्तींचा तांब्यापण घासायचा तो तांब्या वर्ष झालं मला हातात धरवत नाही मी त्यात ग्लुकोज घातलं चार दिवस घातलं रोज तीन चमचे आणि त्या म्हणाल्या पाणी गोड लागतंय आणि मी गप्प बसले*. पेन उचलायचं नव्हतं, म्हणून हात चालतच राहिला. चार पानं भरली. मग वाचून पाहिलं. पान फाडायला धरलं, पण फाडवेना. साऱ्या वर्षात एवढीच एक गोष्ट तिनं खरी सांगितली होती, ती सुद्धा कागदाला. नावगाव बदलून दुसऱ्या वहीत उतरवू, असं म्हणत म्हणत रविवार उजाडला.

‘‘सर, मला जायला पाहिजे. घरी... घरी जरा गडबड हाय,’’ एवढं बोलून ती निघालीच. चपलेचा बंद तिनं जिना उतरता उतरता लावला.

गेल्या भाद्रपदात सासूबाईंनी दहा उपवास धरले होते. दहा दिवस अन्नाचा कण नाही. दुपारी एकदा बसून उकळून गार केलेलं पाणी प्यायचं, तेवढंच. पाणी द्यायचं काम रोहिणीकडे होतं. सहाव्या दिवशी संध्याकाळी सासूबाई न्हाणीच्या दारात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टर म्हणाले, साखर उतरलीय, ग्लुकोज द्या, नाहीतर ॲडमिट करा. सासूबाईंनी मान हलवून नाही म्हटलं. अण्णासो म्हणाले, तिचा नियम हाय, मी कोण मोडणार. नवरा सम्मेद शिरोलीच्या कारखान्यातून आला आणि आईच्या पायाशी रडत बसला. धर्माचं सगळ्यांना कळत होतं. रात्रभर सासूबाईंच्या नाडीवर बोट ठेवून बसायची पाळी मात्र एकट्या रोहिणीवर आली. सकाळी तिनं मेडिकलमधून पुडा आणला.

त्या दिवशी पहिला घोट घेऊन सासूबाई थांबल्या. ‘‘पाणी गोड लागतंय गं,’’ म्हणाल्या. भोवती बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं हात जोडले, म्हणाली, ‘‘तपाचं फळ हाय आक्का, पाणी गोड झालं!’’ झालं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर, दुसऱ्या दिवशी बस्तीत, चौथ्या दिवशी मुनी महाराजांच्या प्रवचनात. पारण्याला बँड लावून मिरवणूक निघाली, सासूबाईंना रथात बसवलं. रोहिणी मागून आरतीचं ताट घेऊन चालत होती आणि रथाकडे वर बघत नव्हती.

हे सुद्धा तिनं कसंबसं पचवलं असतं. पण यंदा सासूबाईंनी सोळा उपवासांचं मनावर घेतलं होतं. उद्या सकाळी त्या महाराजांपुढं नियम घेणार होत्या. डॉक्टरांनी रोहिणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ‘‘वय एकोणसत्तर, किडन्या नाजूक. दहा कसे निभावले तेच मला कळलं नाही. सोळा म्हणजे जिवाशी खेळ.’’ ते कसे निभावले हे जगात एकाच माणसाला माहीत होतं. आता रुचिता वाचणार म्हणजे ते सगळ्यांना कळणार, आणि सासूबाईंना ते भर मंडळात, सगळ्यांच्या देखत ऐकावं लागणार.

रिक्षात बसताच तिनं अण्णासोंना फोन लावला. ते उचलेनात. दुपारची झोप. सासूबाई मोबाईल घरीच ठेवतात. रुचिताचा फोन बंद.

‘‘जरा लवकर घ्या हो.’’

‘‘वैनी, गणपती चार दिवसांवर आल्यात. मंडपच मंडप हाईत की. उडवून न्हिऊ काय रिक्षा?’’ रिक्षावाला केरबा म्हणाला आणि संभाजीनगरच्या सिग्नलला त्यानं इंजिनच बंद केलं.

मग रोहिणीचं मन सुटलं. *साडेतीन आता त्या निघाल्या असतील काठी घेतली असेल रुचिता कव्हर बघत नाही सरळ मधूनच उघडते मधे माझी चार पानं आहेत की शेवटी आहेत मधेच आहेत देवा दोडका पहिला येतो दोडक्यावर सगळ्या हसतील मग तांब्या येईल मग कोणी हसणार नाही रथ आठवेल सगळ्यांना आत्तींचं तोंड कसं होईल त्या रडत नाहीत त्या गप्प बसतील आणि उठून जातील काठी विसरून जातील रस्त्यात पडतील मीच मारलं त्यांना मी वाचवलं होतं ना मी वाचवलं होतं साखर खाली बसायची चमच्यानं ढवळताना आवाज होऊ नये म्हणून मी बोटानं ढवळलं मिरजकर तिकटी आली का नाही अजून नाही हा ढोल कोण वाजवतंय थांबवा तो ढोल सम्मेद मला माहेरी पाठवेल वडगावला आई काय म्हणेल वाचलं तर वाचलं एकदाचं संपेल नको नको देवा रुचिताला ताप येऊ दे.* सरांना हवं होतं ते हेच, असंही त्यातच तिच्या मनात आलं, आणि ती मोठ्यानं हसली. केरबानं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं गल्लीतून रिक्षा काढली.

बस्तीच्या दारात ती उतरली तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आतून काही आवाज येत नव्हता. ना भजन, ना टाळ. ती तशीच पायऱ्या चढली. पाय धुवायचं सुद्धा तिला सुचलं नाही, मग आठवलं तशी ती मागं फिरली, नळाखाली पाय धरले आणि पुन्हा चढली.

मंडपात सासूबाई एकट्याच खांबाला टेकून बसल्या होत्या. वही मांडीवर, मिटलेली.

‘‘तू व्हय? कालेज सुटलं इतक्यात?’’

‘‘आत्ती... बायका कुठं गेल्या?’’

‘‘गेल्या की. रुचिता गेलीया माहेरी, मग वाचणार कोण? तोंडपाठ दोन म्हटली आणि उठल्या सगळ्या. मी अण्णांची वाट बघत बसलीया.’’

रोहिणी तिथंच फरशीवर बसली. कुणी वाचलं नव्हतं. तिनं पिशवीतून भजनाची वही काढून पुढं केली. ‘‘वह्या बदलल्यात आपल्या.’’

‘‘ते कळलं मला. उघडली तर मुंग्यांची रांग. म्हटलं हे सुनेचं अक्षर.’’ सासूबाईंनी तिची वही दिली, पण लगेच म्हणाल्या, ‘‘आलीयास तर वाच की. काय शिकवत्यात तुला ते तरी कळू दे.’’

‘‘नको आत्ती, कायबाय हाय.’’

‘‘कायबाय असू दे. वाच.’’

रोहिणीनं वही उघडली. रुचिता उघडते तशी, बरोबर मधूनच. सासूबाईंना अक्षर दिसत नव्हतं, काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. तिनं दोडक्याचं वाचलं, डब्याचं वाचलं, पातेल्याचं वाचलं. तांब्याची ओळ आली तशी तिची नजर तिच्यावरून उडी मारून पुढं गेली आणि तिनं मनानंच रचलं, *धुणं वाळलं का बघायला पाहिजे ढग आलेत चिमटे संपलेत*. वर्गात शिकली नव्हती इतक्या सफाईनं तिनं ते रचलं.

सासूबाई हसल्या. ‘‘खरं हाय बाई. सामायिकाला डोळं मिटून बसलं की माझंबी मन असंच पळतंय, धुण्याकडं न्हायतर चुलीकडं.’’ मग जरा थांबून, खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘‘उद्या नियम घेतला की झालं. हे घाबरल्यात, सम्मेद घाबरलाय. मला भ्या न्हाय गं. सहा दिवस सोसायचं. सातव्या दिवशी पाणी गोड होतंयच.’’

त्यांच्या चेहऱ्यावर कसलीही शंका नव्हती. ते पाहून रोहिणी रिक्षात घाबरली नव्हती इतकी घाबरली. कुणी वाचलं तर काय, एवढीच भीती ती तासभर उराशी धरून आली होती. कुणीच वाचलं नाही तर सोळाव्या दिवशी घरात काय असेल, ते तिला आत्ता लख्ख दिसलं.

‘‘आत्ती, मी मधलं गाळलंय,’’ ती म्हणाली. ‘‘परत वाचते.’’

आणि तिनं तांब्यापासून वाचलं. मधे कुठंच ती थांबली नाही. पुडा, तीन चमचे, बोटानं ढवळणं, रथ, आरतीचं ताट. *मला वाटलं त्या मरतील म्हणून घातलं आणि आता खरंच मरतील कारण मी घातलं* ही शेवटची ओळ वाचून झाली तेव्हा बाहेर कुणीतरी गणपतीच्या मंडपाचा पत्रा ठोकत होतं. तिनं मान वर केली नाही.

सासूबाईंचा हात मांडीवरच्या भजनाच्या वहीवरून फिरत होता, कव्हराचा कोपरा सरळ करत होता.

‘‘कितव्या दिवशी घातलंस?’’

‘‘सातव्या. सहाव्या दिवशी तुम्ही पडलासा म्हणून.’’

‘‘सहाव्यापतोर न्हाय?’’

‘‘न्हाय. आईची शप्पथ.’’

‘‘म्हंजे सहा माझे हायत,’’ सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा आक्रसला आणि त्यांनी पदर तोंडावर घेतला. रोहिणीनं त्यांना असं रडताना लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. पाय धरायला ती वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले. ते तिला फार लागलं, पण ती तशीच वाकून बसून राहिली.

घरी जाताना, घ्यायला आलेल्या अण्णासोंचा हात धरून त्या पुढं चालल्या, रोहिणी मागं. सकाळी महाराजांपुढं हात जोडून त्यांनी पाच उपवासांचा नियम घेतला. बायका कुजबुजल्या, अण्णासोंनी चष्मा काढून पुसला. सोळाचे पाच का झाले, हे सासूबाईंनी कुणालाच सांगितलं नाही.

दुपारी रोहिणी भीत भीत तांब्या घासत होती. सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात आल्या आणि गॅससमोर पाट ओढून बसल्या.

‘‘पाणी तूच द्यायचं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण माझ्यासमोर उकळायचं.’’

पाणी उकळलं, निवलं. दोघी तेवढा वेळ त्या पातेल्याकडे बघत बसल्या. रोहिणीनं तांब्या भरून दिला. सासूबाईंनी डोळे मिटून पहिला घोट घेतला.

‘‘फिकं हाय,’’ त्या म्हणाल्या, आणि सगळं पाणी पिऊन तांब्या तिच्या हातात परत दिला.