वेबसाइटवरचे साहेब

मिस्त्रींनी ओल्या प्लॅस्टरची पट्टी गिऱ्हाइकाच्या गुडघ्याखाली धरली, तोच त्याच्या बायकोने त्यांना थांबवलं. मोबाइल पुढे करून तिने विचारलं, हे साहेब कुठे आहेत, माप ते घेणार नाहीत का?

पडद्यावर पांढरा कोट, रुपेरी केस आणि आश्वासक हसू होतं. त्या माणसाला मिस्त्रींनी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

एकतीस वर्षं ते कृत्रिम पाय बनवत होते. त्यांच्या पायांवर माणसं जिने चढत, बससाठी धावत. पण जुन्या वेबसाइटवर पिवळी अक्षरं आणि त्यांचा स्वतःचा फोटो होता, घामेजलेला, डोळे बारीक केलेला. वर्षभर फोन जवळजवळ वाजलाच नाही. शेवटी लेक म्हणाली, बाबा, या फोटोत तुम्ही पाय बनवणारे नाही, तोडणारे दिसता. मिस्त्री हसले, पण ते त्यांच्या मनाला लागलं.

नवी वेबसाइट लेकीनेच केली. फिका निळा रंग, भरपूर मोकळी जागा आणि मधोमध हा विकत आणलेल्या फोटोतला माणूस. खाली नाव नव्हतं, म्हणजे आपण खोटं काहीच लिहिलेलं नाही, असं तिचं म्हणणं. आठवड्याभरात फोन वाजायला लागले. आलेल्यांपैकी दोघांनी साहेबांची चौकशी केली, मिस्त्रींनी खरं काय ते सांगून टाकलं आणि दोघेही पुन्हा फिरकले नाहीत.

मिस्त्रींनी समोरच्या, गुडघ्याखाली कापलेल्या पायाकडे पाहिलं. कुणीतरी भलत्याच मापाचा कृत्रिम पाय गळ्यात मारला होता. कातडी सोलवटून जखम चिघळली होती. हा माणूस इथून उठला तर तोच पाय पुन्हा चढवणार, हे उघड होतं. मग गुडघाही वाचला नसता.

"ते गेले," मिस्त्री म्हणाले. "मागच्या वर्षी."

टेबलापाशी लेकीची बोटं कीबोर्डवर थांबली.

"अरेरे. मग आता?"

"मी त्यांच्याच हाताखाली शिकलोय."

बाईच्या कपाळावरची आठी विरली. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याला म्हणाली, अशा माणसाकडे शिकलेत म्हटल्यावर प्रश्नच मिटला. मिस्त्रींच्या हातातली पट्टी एव्हाना कडक झाली होती. ती टाकून त्यांनी दुसरी भिजवली, जखमेवर स्वच्छ कापड ठेवलं आणि हलक्या हाताने गुंडाळायला घेतली. नवऱ्याने डोळे मिटून घेतले. बऱ्याच दिवसांनी पहिल्यांदाच कुणी हात लावल्यावर त्याला दुखलं नाही.

"तुमचे साहेब स्वभावाने कसे होते हो?" त्याने विचारलं.

मिस्त्रींनी मान वर केली नाही.

"सरळ माणूस," ते म्हणाले. "कधी कुणाशी खोटं बोलले नाहीत."