छातीच्या उंचीवर

पाणी पुरतं उतरल्याशिवाय निघून उपयोग नव्हता. तरी कानाए धक्क्यावर येरझारा घालत होती.

"पोरी, तू फेऱ्या मारल्यास म्हणून ओहोटी लवकर लागत नाही," नावेतून झेनकिची म्हणाला. "बापावर गेलीस अगदी. तोही असाच फळ्या झिजवायचा."

"काका, सेन्सेईंना इशिगाकीची शेवटची बोट गाठायचीय."

"गाठू दे की. मी काय त्यांचा पाय धरून बसलोय?"

विद्यापीठातले संशोधक तेराओका सेन्सेई नावेच्या टोकाला डोळे मिटून बसले होते. ऐकत होते, हे मात्र दिसत होतं.

इरिओमोते बेटावरच्या या खाडीत कानाएचे वडील, एइशो मियारा, वीसएक वर्षं कांदळवनातल्या ठरावीक झाडांचे घेर मोजायचे आणि सेन्सेईंना पाठवायचे. घेरावरून झाडाचं वजन निघतं, वजनावरून त्यात किती कार्बन साठलाय ते. वसंतात वडील गेले. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकतात न उरकतात तोच सेन्सेईंचा फोन आला. शेवटच्या तीन वर्षांत झाडं भलत्याच वेगानं जाड झाली होती. इतकं वाढणं त्या झाडांच्या हातात नव्हतं.

"तब्येत बरी नव्हती त्यांची," सेन्सेई अडखळत म्हणाले होते. "घरी बसून आकडे भरले असतील तर मला त्यांची सगळीच वर्षं वगळावी लागतील. खरं कुठे संपलं, ते मी कसं ठरवणार?"

तेव्हापासून कानाएला एका जागी बसवत नव्हतं. पितरांच्या देव्हाऱ्यासमोर उदबत्ती लावायची आणि ती अर्धी जळायच्या आत उठायची. भात खाताना मध्येच उठून खिडकीशी जायची. नाहा शहरातून ती वर्षातून एकदाच घरी यायची, पितरांच्या सणाला. बाबा वाकलेत, हे तिला दिसलं होतं. वय झालं, म्हणून तिनं ते सोडून दिलं होतं. बाबा खोटं लिहितील हे तिला पटत नव्हतं. पण मुलीला पटत नाही एवढ्यावर सेन्सेई तरी काय करणार?

खाडीच्या आत, पहिल्याच झाडापाशी, सेन्सेईंनी चिखलात काठी उभी केली. नियम साधा होता. जमिनीपासून एक मीटर तीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण माणसाच्या छातीची उंची. तिथे फीत गुंडाळायची, तिथेच रंगाचा पट्टा मारायचा. काठीवरच्या खुणेसमोर जुनाट निळा पट्टा होता. त्याच्याखाली हिरवा. त्याहून खाली पांढरा. आणि पार खाली नारिंगी.

"एवढे पट्टे कशाला?"

झेनकिची हसला. "एइशोनं जन्मात रंग विकत घेतला नाही, सेन्सेई. माझी नाव रंगवून झाली की उरलेला डबा पळवायचा. आधी नाव निळीच असायची. मग एकदा हिरवी केली, मग पांढरी. नारिंगी गेल्या साली. बायको म्हणाली, आता काय संत्र्यात बसून मासे धरणार?"

"आणि काठी?"

"काठी कसली! म्हणायचा, छाती बरोबरच असते, काठी वेगळी कशाला वाहायची..." बोलता बोलता त्याची नजर निळ्यावरून नारिंगीपर्यंत उतरली.

कानाएनं नारिंगी पट्ट्यावर हात ठेवला. तो तिच्या बरगड्यांच्या खाली येत होता. बाबा तिच्याहून चांगले वीतभर उंच होते.

"ते येत होते," ती म्हणाली. "दरवर्षी आले. छातीच खाली खाली आली."

सेन्सेईंनी निळ्यावर फीत गुंडाळली, मग नारिंगीवर. बुंधा खाली रुंदावत गेलेला. त्यांनी कागदावरचा गेल्या वर्षीचा आकडा बोटानं शोधला. तो नारिंगीवरच्या मापाशी जवळपास जुळत होता.

"म्हणजे माप खरं आहे, उंची चुकलीय. हे दुरुस्त होईल. पण प्रत्येक झाडाचा प्रत्येक पट्टा मोजावा लागेल. आणि पाणी थांबणार नाही."

"मी पुढे होते," कानाए म्हणाली. तिनं आकड्यांची प्रत आणि दुसरी काठी घेतली. नव्यानं बरोबर उंचीवर खुणा करायला झेनकिचीनं नारिंगी डबा तिच्या हातात दिला.

ती पुढे सरकेल तसा झाडागणिक नारिंगी पट्टा आणखी खाली जात होता. एकाच वर्षीचा, एकाच सकाळचा; बाबा थकत, वाकत गेले होते. एका झाडावर तो तिरका गेला होता. त्यापुढच्यावर ब्रशचा एकच फटका होता, पट्टा पुरा झालाच नव्हता. ती भराभर मोजत, लिहीत गेली. पाय चिखलातून उपसताना धाप लागत होती, पण थांबवत नव्हतं.

शेवटच्या दोन झाडांवर निळा होता, हिरवा होता, पांढरा होता. नारिंगी नव्हता.

तिनं दोन्ही झाडांना फेरी घातली. नखानं चिखल खरवडला. कागदावर मात्र दोन्हींचे गेल्या वर्षीचे आकडे होते. आदल्या वर्षीपेक्षा थोडे थोडे जास्त, अगदी बेतशीर.

घोट्याशी पाणी आलं. खेकडे बिळांत शिरले. मागून झेनकिची ओरडला, "ए पोरी, पाणी चढतंय! मासा होणार आहेस का?"

झाडांच्या गर्दीत ते दोघं दिसत नव्हते. म्हणजे तीही त्यांना दिसत नव्हती. तिनं ब्रश बुडवला. पट्टा किती खाली मारायचा, हे ठरेना, म्हणून ती वाकली, बाबा वाकत तशी. त्या उंचीवर छाती भरून श्वास घेता येईना. ती तशीच राहिली. ब्रशावरून रंग ठिबकत पाण्यात पडला.

मग तिनं ब्रश डब्यात टाकला.

"सेन्सेई! इथे दोन झाडांवर नारिंगी नाही. इथपर्यंत बाबा पोचले नाहीत. हे दोन आकडे त्यांनी घरी भरलेत. खोडून टाका."

पलीकडून सेन्सेईंनी विचारलं,

"बाकीच्यांवर आहे?"

"आहे. सगळ्यांवर आहे."

"मग दोनच खोडतो," सेन्सेईंचा आवाज आला. "या आता."

"थांबा! पांढऱ्याची उंची राहिलीय," ती ओरडली आणि चढत्या पाण्यात तिनं काठी रोवली.