शेपूट हलतंय

डोंगराच्या पायथ्याच्या फलकापाशी आजोबांनी नातवंडांना रांगेत उभं केलं. वाट इथूनच डाव्या सोंडेने चढत होती, माथा ओलांडत होती आणि उजव्या सोंडेने उतरून पुन्हा याच फलकाला येऊन मिळत होती.

"पुढे मी, मध्ये पंडित, शेवटी भिंगरी. प्रत्येकाने पुढच्याच्या पिशवीचा लोंबता पट्टा धरायचा. मी 'शेपूट?' विचारलं की काय म्हणायचं?"

"हलतंय!" भिंगरी ओरडली. सात वर्षांची ही पोर एका जागी कधी टिकायची नाही, म्हणून ती भिंगरी.

तिचा थोरला भाऊ घरात सगळ्यांच्या चुका काढायचा, म्हणून तो पंडित. त्याने कपाळाला हात लावला. "आजोबा, मी आठवीत आहे. कुणी पाहिलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"इथे बकऱ्या सोडून कोण बघतंय तुला?"

"आणि मला सोडवायला विसरू नका हं," भिंगरी म्हणाली. "मागच्या वेळी विसरलात. मी रात्री जेवायलासुद्धा सगळ्यांच्या मागून आले."

"चुकलंच ते. जो सगळ्यांत पुढे असेल त्याने 'सुटलं शेपूट' म्हटलं की मोकळं. तोवर जागा सोडायची नाही."

हा खेळ आजोबांचा नव्हता. तरुणपणी ते डोंगराखालच्या शाळेत शिकवायला आले, तेव्हा तिथली मुलं तो आधीपासूनच खेळत होती. आजोबांनी तो त्यांच्याकडून उचलला आणि नोकरीभर सांभाळला. शेवटच्या मुलाला मागे ठेवून ते कधीच डोंगर उतरले नव्हते.

चढताना त्यांनी मुलांना दगडफूल दाखवलं. दगडावरचा हा करडा डाग जिवंत असतो आणि नखभर वाढायला त्याला वर्षं लागतात, हे ऐकून भिंगरी प्रत्येक डागाला वळसा घालून चालू लागली. माथ्यावर डबे संपत आले, तोच खालून धुकं वर आलं. आधी दरी गेली, मग वाट, मग पंडितच्या हातातला डबाही अंधुक झाला.

"उठा. पट्टे धरा," आजोबा म्हणाले.

उजव्या सोंडेवर खडकांना पांढऱ्या रंगाच्या खुणा होत्या. त्या शोधत ते उतरू लागले. थोडं अंतर गेल्यावर आजोबांनी विचारलं, "शेपूट?"

"हलतंय!" भिंगरी म्हणाली.

आणि जरा थांबून, तिच्याही मागून, "हलतंय."

"प्रतिध्वनी," पंडित लगेच म्हणाला.

"तपासून बघू. प्रतिध्वनी निवडून बोलत नाही, सगळं परत देतो. माझं 'शेपूट' परत आलं का?"

पंडितने नकारार्थी मान हलवली.

"आता दोघंही तोंडावर हात ठेवा." आजोबांनी पुन्हा विचारलं, "शेपूट?"

"हलतंय." एका दमलेल्या मुलाचा आवाज होता तो, आणि आता जवळ आला होता.

"बाळा, कोण आहे तिथे? घरचं कुणी आहे का बरोबर?"

पंडितने आजोबांच्या पिशवीचा पट्टा ओढला.

"चला ना आजोबा," पंडित कुजबुजला.

"त्याला टाकून?" भिंगरी म्हणाली.

आजोबा उभेच राहिले. एका बाजूला दरी होती. या दोघांना सोडून धुक्यात शोधायला जाता येत नव्हतं, आणि मागचं मूल सोडून उतरताही येत नव्हतं.

"पंडित, तू पुढे हो. खूण दिसल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. मी शेवटी येतो."

"मग मी कोण?" भिंगरीने विचारलं.

"तू पोट. डबा कुणी संपवला?"

ती हसली, आणि तेवढ्या बळावर तिघं निघाले. काही पावलांतच आजोबांच्या पिशवीचा पट्टा मागून ताठ झाला. आजोबांनी वळून पाहिलं नाही. घाबरलेल्या मुलाकडे एकदम पाहिलं की ते पळतं. आणि खरं सांगायचं तर त्यांची मान वळतही नव्हती.

"इथे निसरडं आहे हं," ते समोर बघतच म्हणाले. "आधी डावा पाय. शाब्बास."

पट्टा खाली गेला, मग सावकाश वर आला. पावलांचा आवाज मात्र नव्हता. आजोबा बोलत राहिले. दगडफुलाचं सगळं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"शेपूट?" पुढून पंडितने विचारलं.

आजोबांनी तोंड उघडायच्या आत त्यांच्या कमरेजवळून उत्तर गेलं, "हलतंय."

"आजोबा, तुमचा आवाज असा का येतोय?"

"चालत राहा, बाळा."

फलक दिसला. भिंगरी धावत जाऊन त्याला बिलगली. पट्टा मात्र सैल होईना. उलट तो आता डाव्या सोंडेकडे ओढू लागला, सकाळच्या चढाच्या वाटेकडे. तेव्हा आजोबांना कळलं. याला कुणी सोडवलंच नव्हतं. वाट जिथे संपत होती, तिथूनच ते मूल पुन्हा चढत होतं.

"सुटलं शेपूट," ते म्हणाले. ओढ तशीच राहिली.

"पंडित, तू पुढे होतास. तुलाच म्हणावं लागेल."

पंडित वळला. त्याने आजोबांच्या मागे पाहिलं.

"आजोबा," तो कसाबसा म्हणाला, "त्याच्याही पिशवीचा पट्टा मागे ताणलेला आहे."

त्यांच्या मागे धुकं होतं. वाट कुठवर भरली होती ते दिसत नव्हतं.

पंडित फलकाच्या चौथऱ्यावर चढला. सकाळी त्याला ज्याची लाज वाटत होती, ते तो छाती फुटेस्तोवर ओरडला, "सुटलं शेपूट! सगळ्यांचं सुटलं!"

पट्टा सैल होऊन आजोबांच्या मांडीवर आपटला. बसथांब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी वाजली. कुणीतरी पळत गेलं. मग आणखी कुणी, मग आणखी. भिंगरीने आजोबांचा हात घट्ट धरला.

बस येईपर्यंत खडी वाजत होती.