कढीपत्त्याच्या जागी उभी राहिलेली मोटार

मित्रांनो, मला पाहून लोक आधी "केवढी ही" म्हणतात आणि मग "मावते कुठे" असे विचारतात. मी एक जुनी अमेरिकन मोटार आहे. लांबी एकोणीस फूट, वय तिशीच्या पुढे आणि स्वभाव डूख धरणारा. हे शेवटचे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या गोष्टीत सूड आहे आणि तो उगवणाऱ्यांत मीही आहे. मला ही गोष्ट नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. जमेल तशी सांगते.

माझा जन्म १९७५ साली डेट्रॉइटच्या एका कारखान्यात झाला. त्या काळी तिथल्या लोकांना मोटार म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना वाटे. म्हणून त्यांनी मला बरगंडी रंगाच्या मखमलीचे कोच दिले आणि त्यांवर गादीसारखी बटणे टाचली. दिव्यांना पापण्या दिल्या, त्या दिवसा मिटलेल्या असत. मागे दोन लंबगोल खिडक्या दिल्या, त्या कशासाठी हे मला अजून कळलेले नाही. पोटात भले थोरले इंजिन घातले, पण त्याचा आवाज शेजारच्या खोलीत कुणी पुस्तकाचे पान उलटावे एवढाच. खड्डा आला तर तो रस्त्याला कळे, आत बसलेल्याला नाही. माझ्यात बसले की कुठे पोचायची घाई राहत नाही, असे म्हणत. मित्रांनो, याहून मोठे कौतुक मोटारीचे कोण करणार?

अमेरिकन हवाई दलातल्या एका माणसाने मला बोटीतून इंग्लंडला आणले. तो परत गेला, मी राहिले. पुढे पंचवीस वर्षे मी या हातातून त्या हातात फिरले. स्लाऊ नावाच्या गावात लग्नांना भाड्याने जात होते. नवऱ्यामुलांच्या मित्रांनी माझ्या टपावर बसून फोटो काढले. मग तेही संपले आणि एका गोदामामागे ताडपत्रीखाली माझी कबुतरांशी ओळख झाली.

तिथून मला २००३ च्या शरद ऋतूत डॉक्टर श्रीकांत यांनी सोडवले. ते बेसिंगस्टोकला राहत. आयुष्यभर ऑपरेशनच्या टेबलावर लोकांना भूल देऊन नुकतेच निवृत्त झाले होते. तरुणपणी नवे नवे या देशात आले असताना एकदा ड्यूटी संपवून ते बर्फाळ पावसात चालत घरी निघाले होते. एका अमेरिकन माणसाने माझ्यासारखीच एक मोटार थांबवून त्यांना आत घेतले. "त्या दिवशी या देशात पहिल्यांदा माझे पाय गरम झाले," असे ते सांगत. सव्वीस वर्षे त्यांनी मनात ती ऊब जपली होती. माझ्या दाराला हात लावला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. मला वाटले, आता आपले दिवस पालटले.

पालटले, पण दुसऱ्या कुणाच्या जिवावर.

डॉक्टरांचे गॅरेज मला चार फूट तोकडे पडत होते. गॅरेजच्या मागच्या भिंतीला लागून काचेचे एक ग्रीनहाऊस होते. ते त्यांच्या पत्नीचे, शैलाबाईंचे. त्या तेव्हा भाचीच्या लग्नासाठी सांगलीला गेल्या होत्या. त्या काचेच्या खोलीत कढीपत्त्याचे झाड होते. बावीस वर्षांपूर्वी शैलाबाईंनी ते बोटभर रोप टाल्कम पावडरच्या डब्यात घालून माहेराहून आणले होते. या थंड देशात त्यांनी त्याला छतापर्यंत वाढवले. स्लाऊपासून मंडळी फांदीभर पाने न्यायला येत. शैलाबाईंच्या घरी बोलावणे असो नसो, त्या झाडाकडे सगळ्यांचे येणे होते.

डॉक्टरांनी गवंडी बोलावला. इंग्लंडातच वाढलेली, मोडकेतोडके मराठी बोलणारी त्यांची मुलगी आर्या क्रॉयडनला नोकरी करायची. ती शनिवारी आली आणि मला पाहून दारातच थांबली.

"बाबा, हा गाडी आपल्या घरापेक्षा मोठा आहे. आईला विचारलं?"

"सरप्राईज आहे तिला."

"आणि तिचा झाड?"

"पोर्चमध्ये ठेवतोय. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

"बाबा, शी विल किल यू."

"काही नाही गं. एकदा बसली ना हिच्यात, की विसरेल."

ग्रीनहाऊस पाडले. मी आत शिरले, अगदी थाटात. त्याच आठवड्यात कडाक्याचे दव पडले, पडताच गोठून झाडे जाळणारे.

शैलाबाई आल्या त्या बॅग न ठेवताच मागे गेल्या. मी नव्या भिंतीला नाक लावून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या पलीकडे पाहिले.

"झाड कुठंय?"

"पोर्चमध्ये. मी वर्तमानपत्र गुंडाळलं होतं त्याला," डॉक्टर म्हणाले.

"कसलं वर्तमानपत्र?"

"रविवारचं. जाड होतं."

त्या पोर्चमध्ये गेल्या. झाडाच्या फांद्या काळ्या पडून हात लावला की मोडत होत्या. त्यांनी नखाने बुंध्याची साल खरवडून पाहिली. आत हिरवे काही नव्हते.

"बरं," एवढेच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, रडण्याओरडण्याला मी घाबरत नाही, लग्नघरांत पुष्कळ ऐकले आहे. त्या "बरं"ला मात्र घाबरायला हवे होते.

आता एक गोष्ट समजून घ्या. माझे स्टिअरिंगचे चाक डाव्या बाजूला आहे, आणि या देशात गाड्याही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे पुढे एखादे मोठे वाहन असले, तर चालवणाऱ्याला समोरून येणारे काही दिसत नाही. दिसते ते उजव्या सीटवरच्या माणसाला. त्याने "जा" म्हटले तर जायचे, "थांबा" म्हटले तर थांबायचे. इथे घरात शेवटचा शब्द डॉक्टरांचा असे. माझ्यात तो उजव्या सीटचा होता. शैलाबाईंना हे पहिल्याच फेरीत कळले.

"मी येत जाईन तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. डॉक्टरांना वाटले, राग गेला.

पुढच्या जूनमध्ये जुन्या अमेरिकन मोटारींचा मेळा होता. सर्वांत राजेशाही मोटारीला चषक मिळायचा. डॉक्टरांनी सगळा वसंत ऋतू मला घासण्यात घालवला. टूथब्रशने त्यांनी माझ्या जाळीच्या फटी साफ केल्या. तो चषक त्यांच्याइतकाच मलाही हवा होता. ताडपत्रीखालच्या वर्षांचे मला उट्टे काढायचे होते.

वाटेत गवताच्या भाऱ्यांनी लादलेला ट्रॅक्टर लागला.

"शैला, जाऊ?"

"थांबा."

"आता?"

"थांबा. येतंय काहीतरी."

काही येत नव्हते. मी स्वतः पाहत होते, रस्ता क्षितिजापर्यंत मोकळा होता. पण मोटारीला बोलता येत नाही. मैलामागून मैल मी गवताचा भुसा खात त्या ट्रॅक्टरमागे रांगले. पोचलो तेव्हा परीक्षण संपले होते. माझ्याहून आखूड, हिरव्या रंगाच्या एका मोटारीवर चषक ठेवून लोक फोटो काढत होते.

शैलाबाईंनी माझ्या बॉनेटवर डबा उघडला. डॉक्टरांना पोहे वाढले.

"ओळखा बरं, फोडणीत काय कमी आहे ते."

डॉक्टरांचा घास तोंडातच राहिला. त्यांनी पोह्यांकडे पाहिले, मग आलो त्या रस्त्याकडे पाहिले.

"रस्ता मोकळा होता ना?" त्यांनी विचारले.

"लिंबू पिळू का वर?" शैलाबाई म्हणाल्या.

परतताना पाऊस आला. तेव्हा मीही माझे काम केले. उजव्या खिडकीची काच, जी विजेवर चालते, ती मी खाली सोडली आणि वर घेतली नाही. शैलाबाई बटण दाबत राहिल्या. बेसिंगस्टोकपर्यंत त्यांची इस्त्रीची साडी निथळत होती.

"मेलं धूड," त्या म्हणाल्या. मला फार बरे वाटले. यात भूषण नाही, पण खोटे कशाला सांगू?

त्यानंतर ती दोघे माझ्यात बसत, पण बोलत नसत. ऑक्टोबरात आर्याकडून परत येताना पुढे एक मोठा पांढरा कॅराव्हॅन होता, ओढून न्यायचे घर असते ना, तसला. दुपारचे तिरपे ऊन होते.

"जाऊ?"

"थांबा."

डॉक्टर हसले. "का? आज कसल्या फोडणीसाठी?"

"अहो, थांबा. लॉरी आहे."

"ट्रॅक्टरच्या दिवशीही होती."

आणि त्यांनी चाक फिरवले.

लॉरी होती. विटांनी भरलेली, समोरून येणारी. मी तिच्या ड्रायव्हरचा चेहरा पाहिला. डॉक्टरांनी मला परत डावीकडे ओढले, पण माझी लांबी एवढी की मी लवकर वळत नाही. माझे उजवे पुढचे अंग, दिवा, पापणी, सगळे ती घेऊन गेली. काच फुटून शैलाबाईंच्या मांडीवर सांडली. जिथे त्यांचे गुडघे होते, तिथे माझा पत्रा वाकला आणि थांबला. मी त्यांना मुद्दाम वाचवले असे म्हणणार नाही. माझे लोखंड जाड होते, एवढेच.

कॅराव्हॅन काही न कळता पुढे निघून गेला.

"लागलं?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही."

"मला वाटलं, तू..."

"मला माहितेय तुम्हाला काय वाटलं." शैलाबाई पदरावरचे काचेचे तुकडे वेचत होत्या. "माझं झाड मारलंत, म्हणून मी तुमचा चषक घालवला. तो मी घालवणारच होते. पण इथं बसून तुम्हाला लॉरीखाली घालेन असं वाटलं तुम्हाला?"

डॉक्टर म्हणाले, "त्या रात्री दव पडणार हे रेडिओवर सांगितलं होतं. मी ऐकलं होतं. हिच्यावर ब्लँकेट घातलं मी." त्यांनी माझ्या चाकावर हात ठेवला होता. "झाडाची आठवणच झाली नाही."

"बरं," शैलाबाई म्हणाल्या. हा "बरं" निराळा होता, पण माफीचाही नव्हता.

माझे मोडलेले अंग इथे कुठे मिळेना. गॅरेजमध्ये माझे ते वाकडे तोंड डॉक्टरांना पाहवेना, म्हणून त्यांनी मला घरापुढे उन्हात उभे केले. मग वसंतात स्लाऊहून मधुमतीताई आल्या. त्यांनी कधी काळी शैलाबाईंच्या झाडाची बी नेली होती. तिची दोन रोपे झाली होती, ती त्या कुंड्यांसह परत घेऊन आल्या.

"ठेवणार कुठं गं, शैला? तुझं काचघर तर गेलं."

शैलाबाईंनी चारी बाजूंना पाहिले. मग त्या माझ्याकडे आल्या. माझे मागचे दार उघडले आणि दोन्ही कुंड्या मखमलीच्या कोचावर ठेवल्या. वर तांब्याभर पाणीही घातले. मातीचे तांबडे पाणी बटणांच्या खळग्यांतून आत मुरले.

डॉक्टर दारात उभे होते. "शैला, मखमल आहे ती."

"हो," शैलाबाई म्हणाल्या. "जाड आहे."

डॉक्टरांनी मान खाली घातली आणि ते आतून टॉवेल आणायला गेले.

तेव्हापासून मी ग्रीनहाऊस आहे. माझ्या लंबगोल खिडक्या कशासाठी होत्या ते आता मला ठाऊक आहे. येणारे लोक माझ्या उरलेल्या पापणीकडे पाहत नाहीत, मागे वाकून पाने किती फुटली ते मोजतात. दव पडणार असे टीव्हीवर सांगितले की संध्याकाळी डॉक्टर कोट घालून येतात, इंजिन सुरू करतात आणि हीटर लावतात. एवढे थोरले इंजिन दोन रोपांना ऊब देते. थोड्या वेळाने शैलाबाई रजई घेऊन येतात, ती रात्री रोपांवर घालायची असते. आपल्या उजव्या सीटवर बसतात. समोर रस्ता नसतो, शेजाऱ्यांचे कुंपण असते.

डॉक्टर इंजिन बंद करायला किल्लीकडे हात नेतात.

"थांबा," शैलाबाई म्हणतात. "अजून गार आहे."

आणि डॉक्टर थांबतात.

मित्रांनो, तुम्हालाही कधीतरी एखादी सुंदर वस्तू हवीशी वाटेल. जरूर आणा, तिला जपा. पण ती ठेवण्याआधी, ती जागा आधी कुणाची होती ते विचारा. माझ्यासारखीला बोलता येत नाही, आणि कढीपत्त्यालाही येत नाही.

मी कुणाला माफ केले असे समजू नका. चषक मी विसरलेले नाही, मखमलीवरचे डाग तर रोज दिसतात. उजव्या खिडकीला नवी काच बसवली आहे, पण ती खाली सोडायची की वर धरायची हे अजून माझ्याच हातात आहे. मनात आणले तर आजही सोडू शकते.

पण दवाच्या संध्याकाळी मी ती अगदी घट्ट वर धरून ठेवते.